लोकवाहिनीचा प्रमुख कोणी निवडावा?



समाजाच्या मालकीच्या दूरचित्रवाणी केंद्रास प्रमुख कसा निवडावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी आपणांस दूरचा वाटेल. परंतु न्यासाचा कारभार पाहणाऱ्यांना त्यातील मर्म चटकन उमगेल. धन समाजाचे, निर्णय विश्वस्तांचा आणि प्रत्यक्ष कारभार नेमलेल्या व्यक्तीच्या हाती, अशी ही त्रिपदरी रचना असते. तिच्यातील कळीचा प्रश्न एकच: नेमणारा कोण आणि काढणारा कोण?

या प्रश्नाचे उत्तम उदाहरण प्रसारभारतीचे आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा ही सेवा सरकारी खात्याचाच भाग होती. तिला स्वायत्तता देणारा कायदा १९९० मध्ये संमत झाला. मात्र तो अमलात येण्यास १९९७ उजाडले. अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांची शिफारस करण्यासाठी राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नामनिर्देशित केलेली एक व्यक्ती अशी त्रिसदस्य समिती कायद्याने योजिली. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. अडचण पुढे आली. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासाठी कायद्यात ६२ वर्षांची वयोमर्यादा होती. ती १९९७ मध्ये अध्यादेशाने दूर करण्यात आली व ती ओलांडलेले एस. एस. गिल यांची नियुक्ती झाली. १९९८ मध्ये सरकार बदलले, दुसऱ्या अध्यादेशाने तीच मर्यादा पुन्हा लागू झाली आणि गिल यांना पद सोडावे लागले. गिल यांच्या कारभाराविषयी मतभेद असू शकतील. पण व्यक्ती आणण्यासाठी व घालविण्यासाठी नियमच वाकविता येतो, हे त्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक झाले असणार.

दुसरा धोका अधिक मुकाट असतो. २०२२ च्या जूनमध्ये शशी शेखर वेम्पती यांचा कार्यकाळ संपला आणि नवी नियुक्ती नोव्हेंबरमध्ये झाली. मधल्या काळात दूरदर्शनच्या महासंचालकांकडे अतिरिक्त कार्यभार होता. अतिरिक्त कार्यभाराचा माणूस फायली हातावेगळ्या करतो. मोठे निर्णय सहसा येणाऱ्यासाठी ठेवून देतो. मुदत केव्हा संपणार हे पाच वर्षे आधी ठाऊक असूनही उत्तराधिकारी वेळेवर ठरू नये, याचे मला नवल वाटते.

आता गुजरातकडे वळू. खेडा जिल्ह्यातील पीज येथील प्रक्षेपकावरून १९७५ पासून अवकाश विभागाच्या अहमदाबाद केंद्राने शेतकरी व शेतमजूर यांच्या प्रश्नांवर, त्यांच्याच सहभागाने कार्यक्रम दाखविले. १९८४ मध्ये युनेस्कोने त्या प्रयोगास ग्रामीण संज्ञापनाचे पारितोषिक दिले. पुढे ते प्रक्षेपण बंद पडले. माणसे त्यांचीच होती, कथा त्यांच्याच होत्या. केंद्र ठेवावे की बंद करावे, हा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता.

आपल्या भागाने हा अनुभव मातीतून घेतला आहे. धरमतर खाडीकाठच्या खारजमिनीचे बांध शेतकरी पूर्वी 'जोळ' पद्धतीने सामुदायिकपणे राखीत. राखणारे तेच आणि बांध फुटल्यास ज्यांचे पीक जाणार तेही तेच. त्यामुळे हयगय परवडतच नसे. वाहिनीच्या निवड समितीतही असेच लोक हवेत, म्हणजे चुकीच्या निवडीची झळ ज्यांना स्वतःला बसेल असे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर जनमत घेतले गेले. अशा दिवसांत गावाची वाहिनी असती, तर तिच्या प्रमुखावर शासनाचा, उद्योगाचा आणि गावकीचाही दबाव आला असता. त्यास तोंड देईल असा माणूस मुलाखतीच्या खोलीत ओळखता येईल काय?

काही प्रमाणात येईल, असे मला वाटते. उमेदवारास तांत्रिक ज्ञान विचारावे, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्या सर्वांत मोठ्या देणगीदाराविरुद्ध एखादी खरी तक्रार आली, तर पहिल्या दिवशी काय कराल, हे विचारावे. उत्तर देताना तो कोणाकडे पाहतो, तेही पाहावे. समितीत एक तरी कोळीवाड्यातील आणि एक तरी आदिवासी वाडीतील स्त्री असावी. मुदत लिखित असावी, कमी करण्याची कारणेही लिखित असावीत, आणि ती कारणे बहुमताने रातोरात बदलता येऊ नयेत.

आपल्याकडे सामुदायिक दूरचित्रवाणीसाठी स्वतंत्र धोरण अद्याप नाही. सामुदायिक रेडिओस मात्र २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांची दारे उघडली, आणि २००८ मध्ये तत्कालीन मेदक जिल्ह्यातील माचनूर येथे दलित स्त्रियांनी चालविलेला संघम रेडिओ सुरू झाला. कारभारी बाहेरून आणावा लागला नाही. तो गावातच होता. डोलवीत अशी संस्था उभी करू पाहणाऱ्यांनी आधी परवान्याचा अर्ज लिहावा की निवड समितीची नियमावली, असे मला कोणी विचारले, तर मी नियमावली म्हणेन.