वाटेवरील चिनी फराळ

पनवेल हें मुळापासूनच उतारूंचें गांव. १८३० सालीं बोरघाटाची गाडीवाट खुली झाली, आणि मुंबईचा प्रवासी पनवेलच्या बंदरास उतरून, घाट चढण्यापूर्वीं येथेंच दोन घांस खाऊं लागला. पुढें १८६३ मध्यें घाटांतून आगगाडी धांवली. ती कल्याण-कर्जतकडून गेल्यामुळें पनवेलची वर्दळ कांहीं काळ ओसरली. परंतु वाटा फिरून आल्या. २००२ सालीं पुरा झालेला पुण्याचा द्रुतगति मार्ग कळंबोलीहून सुटतो आणि गोव्याची सडक पळस्प्यास फुटते. अशा गांवीं उतारूला काय खावयास मिळतें, यावरून त्या त्या काळाची रुचि ओळखतां येते. आज दिवेलागणीला ज्या हातगाडीवरची शेगडी प्रथम भडकते, ती बहुधा चिनी खाण्याची असते.

हें खाणें चिनी कितपत, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. लालभडक रसांत पोहणारे कोबीचे गोळे ज्या मांचूरियाच्या नांवानें विकले जातात, त्या प्रांताला त्यांची ओळखदेख नाहीं. कलकत्त्यांत जन्मलेले चिनी वंशाचे आचारी नेल्सन वांग यांनीं १९७५ मध्यें मुंबईच्या क्रिकेट क्लबांत आलें, लसूण आणि हिरवी मिरची यांच्या फोडणीवर कोंबडी टाकली, आणि गरम मसाल्याच्या जागीं सोयाचा रस ओतला. मांचुरियनची ही जन्मकथा त्यांनींच सांगितलेली आहे. म्हणजे पदार्थ मुंबईचा, नांव तेवढें परक्याचें! शेजवान चटणीची गोष्ट याहून मौजेची. चीनमधील सेचुआन प्रांताच्या स्वयंपाकाचा प्राण म्हणजे जिभेला मुंग्या आणणारें एक बारीक फळ. आमच्या चटणींत सुक्या मिरच्या आल्या, लसूण आला, शिरकाही आला. तें फळ मात्र वाटेंत राहिलें. आणि त्याच फळाचें सख्खें भावंड, आपलें तिरफळ, कोंकणांत बांगड्याच्या कालवणांत रोज पडत असतें. गाडीवाल्यानें तें चार दाणे ठेंचून घातले तर त्याची चटणी आजच्यापेक्षां अधिक चिनी होईल आणि अधिक कोंकणीही.

एक सूचना मात्र गंभीरपणें केली पाहिजे. तळलेल्या भाताला शिळा, मोकळा भात लागतो, म्हणून तो सकाळींच शिजवून ठेवण्याची चाल आहे. शिजलेला भात कोंकणच्या उष्म्यांत तासन् तास उघडा राहिला, तर त्यांत जंतू वाढून विष तयार होतें. आणि तें विष कढईच्या आंचेनेंही नाहींसें होत नाहीं. घाट चढावयाचा आहे, बरोबर मुलें किंवा वृद्ध माणसें आहेत, अशा वेळीं भात केव्हांचा आहे हें विचारण्यांत संकोच कसला? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास डोळ्यांदेखत वाफवलेलें कांहीं मागावें हें बरें.

वाफवलेलें म्हटलें कीं चीनच्या दक्षिणेकडील कँटन शहराचें नांव निघतें. तेथील चहागृहांत सकाळच्या चहाबरोबर वेळूच्या लहान लहान टोपल्यांतून जे खाऊ येतात, त्यांस दिमसम म्हणतात. हृदयाला स्पर्श करणारें, असा त्या शब्दाचा अर्थ. त्यांतील मुख्य खाऊ म्हणजे हार-गाव. आंत कोळंबी, बाहेर जवळजवळ पारदर्शक पारी, आणि त्या पारीला पाडलेल्या नाजुक चुण्या. ही पारी कशाची? गव्हाच्या सत्त्वाची, म्हणजे आपल्याकडे कुरडयांसाठीं गहूं भिजवून जो चीक काढतात त्याच वस्तूची. या पिठाला अंगची चिकाटी नसते. म्हणून तें कढत पाण्यानें उकडून, गरम असतांनाच मळावें लागतें. तांदुळाच्या पिठाची उकड काढून मोदक वळणाऱ्या गृहिणीला यांत नवें काय सांगावें? तीच अडचण, तीच युक्ति, कळ्या पाडण्याचें तेंच कसब. हळदीच्या पानांत वाफवलेली पातोळी आणि कमळाच्या पानांत बांधून वाफवलेला चिनी भात यांचेंही असेंच जवळचें नातें लागतें. कोणीं कोणापासून उचललें हा वाद व्यर्थ आहे. जेथें तांदूळ आणि रुंद पानें विपुल, तेथें वाफेची विद्या आपोआप वाढीस लागत असावी.

हाँगकाँग किंवा सिंगापूरला जाणाऱ्या मराठी कुटुंबानें हें नातें ध्यानांत ठेवावें, पण त्यावर आंधळेपणानें विसंबूं नये. मुळ्याची वडी पाहून शाकाहारी माणूस हरखतो. तींत बहुधा सुकी कोळंबी आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. भाजीच्या सारणांतही चरबी असूं शकते. अशांनीं बौद्धांचीं शाकाहारी भोजनगृहें शोधावीं. तेथें कांदालसूणही वर्ज्य असल्यामुळें चातुर्मासाचा नियमही सहज पाळला जातो. पेल्यांत कोणी चहा ओतला तर दोन बोटांनीं टेबलावर हलकेंच टकटक करावें. तेंच आभाराचें नमन. किटली रिती झाली तर हांक मारण्याचें कारण नाहीं. तिचें झांकण तिरपें करून ठेवलें कीं वाढप्या समजतो.

पनवेलच्या गाडीवर अजून हार-गाव पोंचलेला नाहीं, मोमो पोंचला आहे. तो तिबेट-नेपाळकडचा, मैद्याच्या पारीचा, आणि तिखट तांबड्या चटणीमुळें खपणारा. पात्रावरचें झांकण उचललें कीं गरम वाफ रस्त्यावर येते, आणि बसची वाट पाहणारे उतारू वळून पाहतात. पण तांदूळ आणि नारळ यांच्या या मुलखांत, त्याच उतारूला वाटेवर उकडीचा मोदक हवा असेल तर त्यानें गणेशचतुर्थीची वाट पाहावी! मोदकपात्र घरोघरीं आहे, वळणारे हातही आहेत. २०२५ सालीं जवळच उलव्याला विमानतळही झाला. मोमोच्या शेजारीं दुसरें एक पात्र मांडावें, असें एखाद्या पनवेलकराच्या मनांत आलें, तर त्याला वेगळी शेगडीदेखील लागणार नाहीं.