हार्ड डिस्कची आवराआवर



घरचा जुना संगणक मंद झाला की पालक मला विचारतात, "सर, आता नवा घ्यावा काय?" उत्तर देण्यापूर्वी यंत्राच्या आत काय घडते ते पाहू.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेपाच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. वाचणारी दांडी त्यांवर मागेपुढे सरकते. आता आपली वही आठवा. मधली दहा पाने पुसून तेथे पंधरा पानांचा धडा लिहावयाचा झाला, तर उरलेली पाच पाने वहीच्या शेवटी जातात. डिस्कवरही फायली पुसून नव्या लिहिल्या की असेच तुकडे पडतात. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हजार तुकडे असले तर दहा सेकंद त्यातच गेले! हे तुकडे सलग लावणे म्हणजे डिफ्रॅगमेंटेशन.

यासाठी कोणास पैसे देण्याचे कारण नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून हे काम विंडोज आठवड्यातून एकदा आपोआप करते. ते चालू आहे ना, एवढे पाहावे. मात्र नव्या एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तेथे तुकडे जोडून लाभ नाही, उलट वारंवार लिहिण्याने तिचे आयुष्य झिजते.

आता माझी एक चूक सांगतो. शाळेच्या जुन्या संगणकाची डिस्क कटकट आवाज करीत होती. मी प्रत न काढता डिफ्रॅग लावून घरी गेलो. सकाळी डिस्क कायमची बंद! शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी जमविलेल्या दाखल्यांच्या प्रती त्यातच होत्या. पालकांना एका दिवसाची मजुरी बुडवून मूळ दाखले घेऊन पुन्हा यावे लागले. मला कोणी बोलले नाही, पण त्यांच्याकडे पाहण्याचा मला धीर झाला नाही. आजारी डिस्कला हजारो तुकडे उचलून ठेवण्याचे काम सांगणे म्हणजे तापकऱ्याच्या डोक्यावर पोते देणे होय.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा, मग आवराआवर करा. डिस्क आवाज करू लागली तर फक्त प्रत काढा, बाकी काही करू नका. पालकांनीही मुलांना हे एकदा विचारावे.