लहान नावेचा नांगर

सुटींत कोंकणांत जाणाऱ्या शहरांतील मंडळींना हल्लीं तेथील खाड्यांतून रंगीबेरंगी, निमुळत्या, एकट्यानें वल्हवावयाच्या नावा दिसतात. त्यांस कयाक म्हणतात. लांबी दहाबारा फूट, रुंदी जेमतेम अडीच फूट, आणि वजन इतकें बेताचें कीं दोघे जण ती सहज उचलून किनाऱ्यावर आणतात. पुष्कळ घरांतील मुलें आतां अशी नाव विकत घेऊन तींत बसून गळानें मासे धरूं लागलीं आहेत. छंद चांगला आहे. साठी उलटल्यावर मीही त्याच्या नादीं लागलों. परंतु नाव विकणारा नांगर देतो, दोर देतो, आणि तो टाकावा कसा तें मात्र सांगत नाहीं. आजचें माझें बोलणें तेवढ्याचविषयीं आहे.

नांगराची गरज उघड आहे. गळ टाकून बसलें कीं दोन्ही हात गुंततात, वल्हें मांडीवर पडून राहतें, आणि वारा व पाण्याची ओढ यांनीं नाव माशांच्या जागेपासून हळूहळू दूर जाते. शेतकऱ्याच्या व नाविकाच्या नांगरास आपल्या भाषेंत एकच शब्द आहे, आणि दोहोंचें काम पाहिलें तर तें यथार्थच वाटतें. दोन्ही नांगर जमिनींत रुततात, आणि रुतण्यासाठीं दोहोंनाही आडवें ओढावें लागतें. सरळ वर ओढला कीं नांगर उपटून येतो. म्हणून दोर पाण्याच्या खोलीइतकाच ठेवून भागत नाहीं. शांत पाण्यांत खोलीच्या निदान तिप्पट, आणि वारा किंवा ओढ असल्यास पांचपट ते सातपट दोर सोडावा. नांगराजवळ दोन हात लोखंडी सांखळी जोडली तर तिच्या भारानें दांडा तळाशीं आडवा राहतो. एवढें केलें म्हणजे मिटणाऱ्या चार नख्यांचा दीड-दोन किलोंचा नांगर अशा नावेला पुरतो. जड लोखंड घेण्यापेक्षां दोर लांब सोडणें अधिक गुणाचें. आंखूड दोराचा आणखीही एक धोका आहे. भरतीचें पाणी चढत जातें, दोर ताठ होतो, आणि गळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाच्या नकळत नावेचें टोक खालीं खेंचलें जातें.

पण खरा प्रश्न दोर नावेला कोठें बांधावा हा, आणि येथें मी स्वतः चुकलों.

देवबागेच्या बाजूस, जेथें कर्ली नदी समुद्रास मिळते, तेथें मी तांबोशीच्या आशेनें गेलों होतों. अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, म्हणजे उधाणाचा. ओहोटी लागून तीन तास झालेले. ओढीचा जोर या सुमारास बहुधा सर्वांत अधिक असतो, हें मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलेलें! नांगर टाकला आणि हाताशीं पडली म्हणून नावेच्या मधोमध असलेल्या कडीला दोर निरगाठीनें बांधला. नख्या रुतल्या, नाव प्रवाहास आडवी झाली, आणि समुद्राकडे धांवणारें पाणी माझ्या मांडीवरून वाहूं लागलें. प्रवाहाकडची कड बुडत चालली. गांठीस हात घातला तों ती ताणानें दगडासारखी झालेली. जवळ सुरी नव्हती. पलीकडे एक वृद्ध गाबीत आपल्या होडींत होता, तो ओरडला, "मास्तरांनू, दोर तोडा! दोर!" मग त्यानेंच वल्हीं मारीत येऊन कोयत्याच्या एका घावानें दोर तोडला, आणि नाव बुचासारखी वर आली. मला कांठावर पोंचवून तो इतकेंच म्हणाला, "मास्तरांनू, ढोराक दावां गळ्याक बांधतत, पोटाक नाय."

त्याच्या या बोलण्यांत सारें शास्त्र आलें. टोंकाशीं बांधलेली नाव प्रवाहास आपली अडीच फुटांची रुंदी दाखविते. मधोमध बांधलेली दहाबारा फुटांची बाजू दाखविते. त्यांत प्रवाहाचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो. तेव्हां दोर पुढच्या किंवा मागच्या टोंकाशींच हवा. पण बसणाऱ्याचा हात तेथें पोंचत नाहीं, आणि डोलत्या नावेंत वळून पाहणेंही धोक्याचें. यावर उपाय असा. दोन्ही टोंकांस एकेक लहान कप्पी बसवून त्यांवरून बाजूच्या कडेनें एक अखंड दोरी फिरवावी व तींत एक कडी अडकवावी. नांगराचा दोर या कडींतून ओवून घ्यावा. दोरी ओढली कीं कडी टोंकाकडे सरकते आणि नाव आपोआप प्रवाहास सरळ होते. दोराचें मोकळें टोंक हाताजवळ सुरगाठीनें अडकवावें, आणि त्यास एक बोया बांधावा.

या बोयाशीं जुळणारी एक जुनी युक्ति मोठी गमतीची आहे. कयाक ही मूळची ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या बर्फाळ किनाऱ्यांवरील शिकाऱ्यांची नाव. लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ती करीत. हे शिकारी सीलला भाला मारीत, पण भाल्याची दोरी नावेला न बांधतां कातड्याच्या फुगविलेल्या पखालीस बांधीत. जखमी जनावर पखालीस ओढीत नेई. नाव मोकळी राही. आपला बोया तेंच करतो. मोठा मासा दोराभोंवतीं फिरूं लागला, यांत्रिक होडी अंगावर आली, अथवा ओढ वाढली, कीं सुरगाठ सोडून द्यावी. बोया तरंगत राहतो; मागाहून येऊन नांगर काढतां येतो.

तळ खडकाळ असल्यास सांखळी नांगराच्या बुडाशीं, म्हणजे नख्यांकडे, जोडावी व वरच्या कडीला बारीक सुतळीनेंच धरून ठेवावी. नांगर अडकला तर जोरानें हिसका द्यावा. सुतळी तुटते आणि नांगर उलटा ओढला जाऊन निघतो. तरंगण्याचें जाकीट अंगांत आणि सुरी छातीशीं असावी. नवशिक्यानें ही सारी कसरत आधीं भांगाच्या दिवसांत, कमरेइतक्या पाण्यांत, सोबतीला कोणी असतां करून पाहावी.

माझा तो पहिला नांगर कर्लीच्या तळाशींच राहिला. दुसरा घेतला तेव्हां दोराला आधीं बोया बांधला आणि तो त्या वृद्धास दाखविण्यास नेला. त्यानें गांठ ओढून पाहिली, ती एका झटक्यानें सुटली, आणि कांहीं न बोलतां तो आपलें जाळें विणूं लागला.