कारागीर हा आपला पाहुणा



पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. तिथला गुरांचा बाजार आणि तिथली घोंगडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. जत्रेतली घासाघीस आपल्याला नवी नाही. विकणारा दहा सांगतो, घेणारा पाच म्हणतो आणि सातावर दोघेही खूश होतात. त्यात कोणाचा अपमान नसतो. आज मला सांगायचे आहे ते बाजाराविषयी नव्हे. शाळेत किंवा पंचायतीच्या आवारात आपण एखाद्या कारागिराला ‘या, काम करून दाखवा’ म्हणून मुद्दाम बोलावतो, त्या प्रसंगाविषयी आहे.

काही वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यातल्या एका शाळेचे प्रदर्शन पाहायला मी गेलो होतो. जवळच्या पाड्यावरच्या एक बाई जमिनीवर बसून बांबूचे सूप विणीत होत्या. भोवती माणसांचे कडे. एकजण म्हणाला, “प्लॅस्टिकचं सूप याच्या निम्म्या पैशात मिळतं की!” दुसऱ्याने मोबाइल त्यांच्या तोंडाशी नेला, “मावशी, वर बघा, जरा हसा.” तिसरा बूट घालून कामट्यांवरूनच पलीकडे गेला. चौथ्याने मोठ्याने जात विचारली आणि “या लोकांना दुसरं येतंय काय!” असे म्हणून तो हसला. बाईंनी मान खाली घातली. हात मात्र थांबले नाहीत. आम्ही शिकलेसवरलेले लोक चार हातांवर उभे होतो. आम्ही गप्प राहिलो. संध्याकाळी निघताना त्या म्हणाल्या, “गुरुजी, पुढल्या वर्षी सुपं तेवढी न्या. मी नाय येत.”

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले आहे. पाहुण्याचा घरात अपमान झाला, तर उत्तर पाहुण्याने द्यायचे की यजमानाने?

आता ती चार माणसे आठवा. चौघेही सारखे नव्हते. पहिल्याला मेहनत ठाऊक नव्हती. बांबू नीट पारखून तोडावा लागतो. मग चिरायचा, कामट्या काढायच्या, एकेक कामटी सारख्या जाडीची होईपर्यंत तासायची. धार बोटात जाते ती वेगळीच. अशा माणसाशी वाद घालू नये. त्याच्या हाती दोन कामट्या द्याव्यात आणि म्हणावे, “घ्या, एवढी एक ओळ घाला.” भावाची गोष्ट तो आपोआप विसरतो. कोयता मात्र मुलांपासून दूर ठेवावा, बरे का!

दुसऱ्यासाठी एक पाटी पुरे : ‘विचारल्याशिवाय फोटो काढू नये.’ बाई ‘नको’ म्हणाल्या, की विषय संपला.

तिसऱ्याचा दोष निम्मा आपला. माल पायदळी येईल असा आपणच मांडला होता. कारागीर खाली आणि पाहणारे वर उभे, ही मांडणीच वाईट. एक दोरी बांधा आणि बघणाऱ्यांसाठी सतरंजी अंथरा. समोरासमोर बसले, की माणसाची भाषा बदलते. पाहा करून!

चौथ्याच्या बाबतीत मात्र समजूत पुरत नाही. तिथे गुरुजींनी पुढे व्हावे आणि आवाज न चढवता सांगावे, “बाई आमच्या पाहुण्या आहेत. कामाविषयी विचारा, नाहीतर पुढे चला.” अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून जाणूनबुजून पाणउतारा करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा ठरू शकतो, हेही ठाऊक असावे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? त्या वेळी भोवती मुले उभी असतात. गुरुजी काय बोलतात यापेक्षा गुरुजी केव्हा गप्प बसतात, हे ती अधिक नीट शिकतात.

डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. वारली घरांत लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढायची चित्रे त्यांनी कागदावर आणि कापडावर आणली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या चित्रांपुढे आपण अदबीने उभे राहतो. पण अदब दाखवायला दिल्लीच्या पदकाची वाट का पाहावी? सूप विणणाऱ्या बाईंचे नाव प्रमुख पाहुण्यांच्या नावाशेजारी फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? आणि माल खपो वा न खपो, त्यांची दिवसाची मजुरी दिलीच पाहिजे. त्या दिवशी त्यांचे घरचे काम बुडालेले असते.

पुढल्या वर्षी गुरुजी स्वतः पाड्यावर गेले. मजुरी ठरली, येण्याजाण्याचा खर्चही ठरला. बाई यायला तयार झाल्या, पण एक अट घालून. म्हणाल्या, “येते, पण तुम्ही शेजारी बसा.”

गुरुजी दिवसभर शेजारी बसले. तुम्हीही बसा, एवढेच माझे सांगणे.