अखेरच्या तीनशे मीटरचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पायाभूत सुविधांचा अभ्यास करताना आपले लक्ष स्वाभाविकपणे मोठ्या योजनांकडे जाते. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणाऱ्या राष्ट्रीय जाळ्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली आणि पुढे ही योजना 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली, हे तुम्हाला ज्ञात आहेच. आज मात्र मला त्या फायबरच्या पुढील तीनशे मीटरविषयी बोलावयाचे आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात इंटरनेट आहे. रस्त्यापलीकडील शाळेत, आरोग्य उपकेंद्रात किंवा अभ्यासिकेत ते नाही. ही दरी अल्प खर्चात कशी भरून काढता येईल?

तांत्रिक बाजू

नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंतच विश्वासाने चालते. फायबर टाकावयाचे तर खोदकाम, परवानग्या आणि दुरुस्ती यांचा भार येतो. तिसरा मार्ग बिनतारी जोडणीचा आहे. दोन्ही इमारतींच्या गच्चीवर एकेक दिशादर्शी अँटेना असलेले उपकरण समोरासमोर बसवावयाचे. घरातील राऊटर आपली शक्ती सर्व दिशांना विखुरतो. दिशादर्शी अँटेना तीच शक्ती एका अरुंद झोतात एकवटते. अशी दोन उपकरणे साधारणतः दहा हजार रुपयांच्या आसपास मिळतात आणि प्रत्येकास सुमारे दहा वॉट इतकीच वीज लागते.

यात एक अट कटाक्षाने पाळावी लागते. दोन्ही अँटेनांनी एकमेकींना 'पाहिले' पाहिजे. केवळ सरळ रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवतीचा काही भागही मोकळा लागतो. तीनशे मीटरच्या मध्यावर ५.८ गिगाहर्ट्झसाठी या भागाची त्रिज्या सुमारे दोन मीटर, तर २.४ गिगाहर्ट्झसाठी सुमारे तीन मीटर असते. उन्हाळ्यात उत्तम चालणारी जोडणी पावसाळ्यात मंदावते, त्याचे कारण बहुधा मध्ये वाढलेल्या झाडाच्या ओल्या पानोळ्यात असते.

हे तंत्र भारताने फार पूर्वी आजमावले आहे. या शतकाच्या आरंभी आयआयटी कानपूरने गंगेच्या मैदानातील गावे वाय-फायने जोडण्याचा प्रयोग केला. तामिळनाडूत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांच्या साहाय्याने आसपासची दृष्टी केंद्रे अशाच जोडणीने रुग्णालयास जोडली. गावात बसलेला रुग्ण पडद्यावरून थेनीच्या डॉक्टरांशी बोलू लागला. तेथील अंतरे कित्येक किलोमीटरची होती. आपला प्रश्न तर काही शे मीटरचाच आहे.

लहरी कोणाच्या?

येथे अर्थशास्त्र सुरू होते. ध्वनिलहरी व प्रकाशलहरी यांप्रमाणे रेडिओलहरी निसर्गदत्त असल्या, तरी त्यांच्या वापराचा हक्क शासन नियंत्रित करते. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या लहरी सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्याच न्यायालयाने १२२ दूरसंचार परवाने रद्द केले आणि त्यानंतर लहरींचे वाटप लिलावाने करण्याची पद्धत रूढ झाली. मग गावातील शाळेस लिलावाविना लहरी कशा मिळतात?

उत्तर असे, की शासनाने काही पट्टे परवानामुक्त ठेवले आहेत. जानेवारी २००५ मध्ये २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा, प्रभावी प्रारित शक्ती ४ वॉट या मर्यादेसह, खुला झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मुक्त करण्यात आले. रोनाल्ड कोस यांनी १९५९ मध्येच लहरींच्या मालकीहक्काची व बाजाराची बाजू मांडली होती. परंतु शक्ती अल्प असेल, तर एकाचा दुसऱ्यास होणारा व्यत्यय थोड्या परिसरापुरताच राहतो. तेथे मालकी ठरविण्याचा, मोजण्याचा आणि वाद मिटविण्याचा खर्च लाभाहून अधिक होतो. म्हणूनच मोबाईल सेवेसाठी लिलाव आणि वाय-फायसाठी मुक्तता, ही दोन्ही धोरणे एकाच तर्कातून निघतात. उत्तरपत्रिकेत हा विरोधाभास म्हणून मांडू नका.

वाटून घेण्याचे नियम

तीस मेगाबिटची जोडणी वीस जणांनी एकाच क्षणी वापरल्यास प्रत्येकास दीड मेगाबिट मिळते. प्रत्यक्षात सर्वजण एकाच वेळी वापर करीत नाहीत, म्हणूनच वाटणी परवडते. गर्दी होईपर्यंत एकाच्या वापराने दुसऱ्याचे काही कमी होत नाही. गर्दी झाली की होते. जेम्स बुकॅनन यांनी १९६५ मध्ये मांडलेली 'क्लब वस्तू' ही संकल्पना येथे तंतोतंत लागू पडते. अशा वस्तूस सभासद, वर्गणी आणि नियम लागतात.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका गावातील अशा जोडणीसाठी मी सल्ला दिला होता. खर्चाचा तक्ता मी काळजीपूर्वक केला. अंतर, उंची, उपकरणांची किंमत, सारे त्यात होते. पाच महिन्यांनी अभ्यासिकेकडील वीजपुरवठ्याचा एक अडॅप्टर विजेच्या चढउताराने जळाला. त्याची किंमत काही शे रुपये. कार्यालय म्हणाले, तो अभ्यासिकेचा. अभ्यासिका म्हणाली, तो कार्यालयाचा. वाद पाच आठवडे चालला आणि त्याच काळात एका भरती परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपली. अभ्यासिकेतील काही मुलींना तालुक्याच्या गावी जाणे जमले नाही. त्यांचे ते वर्ष वाया गेले. माझ्या तक्त्यात देखभालीचा रकाना नव्हता, ही चूक माझी होती. भारतातील ग्रामीण बिनतारी जाळ्यांच्या अभ्यासांतही विजेची सदोष गुणवत्ता हे बिघाडाचे मोठे कारण आढळले आहे.

तेव्हापासून मी चार गोष्टी आधी लिहून घेतो: दुरुस्ती कोणी करावयाची, मासिक वर्गणी किती, सुटे भाग कोठे ठेवावयाचे आणि गर्दीच्या वेळी प्राधान्य कोणास. सोबत वीजसंरक्षक साधन, उत्तम अर्थिंग आणि सांकेतिक शब्दाने सुरक्षित केलेली जोडणी हवी. जोडणी इतरांस पैसे घेऊन देण्यापूर्वी सेवादात्याच्या अटी पाहाव्यात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या 'पीएम-वाणी' आराखड्यात लहान दुकानदारासही सार्वजनिक डेटा कार्यालय म्हणून परवाना वा शुल्काविना वाय-फाय सेवा देण्याचा मार्ग ठेवला आहे.

मित्रहो, उद्या तुमच्यापैकी काहीजण गटविकास अधिकारी किंवा तहसीलदार म्हणून अशा प्रस्तावांवर सही कराल. उपकरणांच्या किमतीचा रकाना तुमच्यासमोर भरलेला येईल. त्याखालचा, अडॅप्टर जळाल्यावर तो कोणी बदलावयाचा हे सांगणारा रकाना रिकामा असेल, तर सही करण्यापूर्वी तो भरून घ्या.