बोट दाखवणारी अ‍ॅबिगेल

आज एका नाटकातल्या मुलीबद्दल बोलूया. अमेरिकेत सेलम गावात 1692 साली चेटूक केल्याचे खटले चालले. त्यावर आर्थर मिलर यांनी 1953 मध्ये ‘द क्रुसिबल’ हे नाटक आणलं.

त्यातली अ‍ॅबिगेल 17 वर्षांची, आईबापाविना पोर. कामाला होती त्या घरच्या मालकाशी तिचे संबंध जुळले, मालकिणीनं तिला काढून टाकलं. पुढे रात्री रानात मैत्रिणींसोबत नाचताना ती पकडली गेली. शिक्षा चुकवायला तिनं आधी गुलाम टिटुबावर आळ घेतला, मग भीक मागणाऱ्या सारा गुडवर. आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव तिचं ऐकू लागलं! मग तिनं मालकिणीलाच गाठलं. स्वतःच्या पोटात सुई खुपसली. मालकिणीच्या घरातल्या बाहुलीत तशीच सुई सापडली, झाला पुरावा.

पण फास काही पोरीनं आवळला नाही. कबूल करेल तिला जीवदान, नाकारेल तिला फाशी, असा न्याय मोठ्यांनीच लावला. कुणाचा शेजाऱ्याच्या जमिनीवर डोळा होता. खऱ्या सेलममध्ये 19 जण फासावर गेले.

आपल्याकडेही कुणाला डाकीण, भुताळी ठरवतात. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. बायांनो, गावात असं नाव निघालं तर गटात तीन गोष्टी विचारा: डोळ्यांनी कुणी पाहिलं? फायदा कुणाचा? आणि तिला बोलू दिलं का? मान डोलवायच्या आधी विचारा.