मैदान समोर, खुर्ची दूर

आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका बेसबॉलपटूबद्दल सांगणार आहोत. त्याचं नाव एल्स्टन हॉवर्ड.

बेसबॉल आपल्याकडे फारसं कुणी खेळत नाही. पण क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक असतो ना, तसा तिथे कॅचर. तोंडावर जाळी, गुडघ्यांखाली ढाली, आणि सारा वेळ उकिडवा. हॉवर्डच्या काळात कोणता चेंडू टाकायचा हे तो बोटांच्या खुणेने सांगायचा. संघातल्या बाकी आठ जणांची तोंडं त्याच्याकडे, त्यामुळे अख्खं मैदान समोर दिसतं ते त्याला एकट्याला. गुडघ्यांचं काय होत असेल, हे उकिडवं बसून शेतात काम करणारीला सांगायला नको. खेळ असा आतून कळतो म्हणून पुष्कळ कॅचर पुढे संघाचे मॅनेजर होतात. मॅनेजर म्हणजे मुख्य प्रशिक्षक, आणि कोच त्याच्या हाताखाली.

हॉवर्ड जन्मला १९२९ साली, सेंट लुईस शहरात. कृष्णवर्णीय घरातला. जॅकी रॉबिन्सनला १९४७ मध्ये मोठ्या लीगचं दार उघडलं, पण न्यूयॉर्क यांकीज या बड्या संघाने आणखी आठ वर्षं लावली. १९५५ मध्ये त्यांनी खेळवलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे हॉवर्ड. फ्लोरिडात सरावाला गेलं की संघ हॉटेलात उतरायचा आणि याची सोय वेगळ्या वस्तीत.

बिल डिकी या जुन्या कॅचरने त्याला शिकवलं. डिकीचाच आधीचा शिष्य योगी बेरा तेव्हा कॅचरच्या जागेवर होता. म्हणून हॉवर्ड वर्षानुवर्षं मिळेल तिथे खेळला. जागा मिळाली तेव्हा मात्र त्याने ती गाजवली. १९६३ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळवणारा त्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय.

१९६९ मध्ये तो यांकीजचा कोच झाला. अमेरिकन लीगमध्ये कृष्णवर्णीय कोच त्याआधी नव्हताच. दहा वर्षांहून जास्त त्याने हे काम केलं. १९७७ मध्ये बॉस्टनच्या सामन्यात मॅनेजर बिली मार्टिन भर टीव्हीवर स्वतःच्याच खेळाडूच्या अंगावर धावून गेला, तेव्हा आवरायला हॉवर्ड आणि बेराच पुढे झाले.

त्या वर्षांत मॅनेजर किती बदलले! हॉवर्डला ती जागा हवी होती. बेराला ती १९६४ मध्येच मिळाली होती, खेळणं थांबवल्याच्या पुढच्याच वर्षी. हॉवर्डला कुणी बोलावलं नाही. (आमच्या बचत गटांतही हिशेब शिकवणारी एक आणि अध्यक्षपदी दुसरीच, हे आम्ही पाहतो.) मोठ्या लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर १९७५ मध्ये झाला तो फ्रँक रॉबिन्सन, तोही क्लीव्हलँडला.

डिसेंबर १९८० मध्ये हॉवर्ड हृदयविकाराने गेला. वय अवघं ५१. चार वर्षांनी यांकीजने त्याचा ३२ क्रमांक राखून ठेवला, आता तो कुणाला देत नाहीत. पत्नी आर्लीन यांनी पुढे दोघांच्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं.